कोकणात तिसऱ्या-कालवं काढायला जाताय? नागपूरकरांसाठी पायरीपायरीने

नागपूरहून कोकणात गेलेल्या पाहुण्यांना हल्ली फक्त मासे खाऊन समाधान होत नाही, खाडीत उतरून तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या शिंपल्या, स्वतः काढायच्या असतात. हौस चांगली आहे, पण चुका ठरलेल्या असतात. नाश्ता आटोपून दहा वाजता मंडळी निघतात, तेव्हा पाणी मांडीपर्यंत चढलेलं असतं. जे हाताला लागेल ते बादलीत जातं, नखाएवढी पिल्लंसुद्धा. मुक्कामी आल्यावर बादली नळाखाली धरतात. उरलेला माल प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून परतीच्या गाडीत ठेवतात आणि मनमाड येईपर्यंत अख्खा डबा नाकाला रुमाल लावून बसतो.

यातली एखादी चूक सुधारून भागत नाही, कारण मुळात क्रमच चुकलेला असतो. दिवस, जागा आणि किती घ्यायचं, या तीन गोष्टी घरून निघण्याआधी ठरायला हव्यात. पाण्यात उतरल्यावर ठरवायला फार थोडं उरतं.

हा लेख मुख्यतः वाळू-चिखलातल्या तिसऱ्या, मुळे आणि खुबे, खडकावरची कालवं आणि शिणाणे या शिंपल्यांच्या प्रकारांबद्दल आहे. चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, विषय ओघात येईल तेवढाच.

पायरी १ : तिथी बघून दिवस ठरवा

रेल्वेचं तिकीट आपण वार बघून काढतो. इथे तिथी बघायची. किनाऱ्यावर चालणारा जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी.

चतुर्थी घ्या. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि सव्वानऊच्या सुमारास ओहोटी, सकाळी आणि रात्रीही. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास.

आता यातली गोम. अष्टमी-नवमीच्या भांगात, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी फारसं मागे सरत नाही, शिंपल्यांची पट्टी पाण्याखालीच राहते. उधाणात, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला आणि नंतरचे दोन-तीन दिवस, पाणी सगळ्यात वर चढतं तसं सगळ्यात खालीही उतरतं. म्हणून पाहुण्यांसाठी सोयीचे दिवस प्रतिपदा ते तृतीया. ओहोटी सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान येते, उजेड असतो आणि ऊन चढलेलं नसतं.

हा हिशेब दिवस निवडण्यापुरता. नेमकी वेळ त्या गावाजवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या. मुंबईची वेळ मालवणला लागू पडत नाही, आणि खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा फिरतं. तक्त्यात वेळेशेजारी मीटरमध्ये उंची दिलेली असते. दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, ज्या ओहोटीचा आकडा लहान तिला जास्त जागा उघडी पडते. मुंबईला उधाणात पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे दक्षिणेकडे उघडी पट्टी अरुंद मिळते.

पावसाळ्यात हा बेत करूच नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. हाताने शिंपल्या काढणं त्या बंदीत येत नाही, म्हणून काही जण तेव्हाही उतरतात. पण खाडीत तेव्हा गावोगावची घाण वाहून आलेली असते, पाणी गढूळ आणि खारेपण कमी. दिवाळीनंतर मेपर्यंतचा काळ ठीक, त्यातही त्या खाडीत अंडी-पिल्लांचा हंगाम कधी असतो ते स्थानिकांना विचारून तो सोडायचा. केरळात कोल्लमच्या अष्टमुडी सरोवरात डिसेंबर ते फेब्रुवारी तिसऱ्या काढणं बंद ठेवतात. तिथल्या मच्छीमारांनी ही शिस्त पाळली, आणि २०१४ साली शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी ठरली.

*तपासा:* तिथी, त्या बंदराची ओहोटीची वेळ आणि तिची उंची, तिन्ही कागदावर लिहिलेलं आहे ना? हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचा इशारा देते. तो आदल्या रात्री बघा. इशारा असेल तर खडकाकडे फिरकू नका.

पायरी २ : जागा ठरवा, आणि विचारा

खाडी कोणाच्या नावावर नसते, पण पट्टी कोण राखतं हे गावाला ठाऊक असतं. बऱ्याच ठिकाणी ओहोटीला बायका उतरतात, दोन-तीन तास वाकून काढतात आणि वाटे लावून बाजारात बसतात. त्यांच्या रोजच्या पट्टीवर आपण दहा जणांनी फावडी घेऊन उतरणं म्हणजे त्यांच्या चुलीत हात घालणं आहे. ज्यांच्याकडे मुक्काम आहे त्या काकूंना सांगा, त्या एखाद्या मावशींशी गाठ घालून देतील. त्यांना दिवसाचे पैसे द्या आणि त्या नेतील तिथेच जा.

त्यांना तीन प्रश्न नक्की विचारा. सध्या इथलं तुम्ही घरी खाता का? गेल्या आठ दिवसांत मोठा पाऊस झाला का? पाण्याचा रंग बदललाय का, मासे मरून लागलेत का?

हे प्रश्न का, ते नीट समजून घ्या. शिंपलीवर्गातला प्राणी पाणी आत घेतो, त्यातलं अन्न गाळून ठेवतो आणि पाणी बाहेर सोडतो. अन्नाबरोबर सांडपाण्यातले जंतू, कारखान्यातले जड धातू आणि विषारी सूक्ष्म शेवाळंही गाळली जातात आणि मांसात साठतात. माशाचं पोट आपण काढून टाकतो. शिंपली मात्र पोटासकट खातो. म्हणून गटाराचं तोंड, बोटींना डिझेल भरण्याची जेट्टी, औद्योगिक वसाहतीचं पाणी उतरणारी खाडी आणि मुंबई-ठाण्याच्या आसपासच्या खाड्या, इथलं काहीही खाण्यासाठी काढू नका. दिसायला कितीही टपोरं असो.

शेवाळाचं विष ही वेगळी आणि जास्त वाईट गोष्ट आहे. ते उकळून जात नाही, तळून जात नाही, लिंबू-कोकमाने मरत नाही. १९९७ साली केरळात तिरुवनंतपुरमजवळ विळिंजमला शिणाणे खाऊन अनेकांना विषबाधा झाली आणि माणसं दगावली. पाणी लालसर, तपकिरी किंवा दाट हिरवं दिसलं तर सरळ परत फिरा. पण पाणी स्वच्छ दिसतं म्हणून सगळं ठीक, असंही धरू नका. गावातल्या बायका ज्या आठवड्यात उतरत नाहीत, त्या आठवड्यात आपणही उतरायचं नाही. दुसरी कुठलीही घरगुती चाचणी नाही. चांदीचं नाणं उकळत्या पाण्यात टाकून बघणारे भेटतात, त्याने काही कळत नाही.

काही जागा कायद्यानेच वर्ज्य. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे, तिथे हौसेने काही काढू नका. कांदळवनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या, मुळांना कालवं चिकटलेली असतात. त्यांच्यासाठी मुळं तोडणं हा गुन्हा आहे. प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मेलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा आठवण म्हणून बॅगेत घालायचा नाही.

*सावधान:* कन्हान-वैनगंगेच्या काठी वाढलेल्यांना पाण्याची भीती नसते, आणि इथे तोच आत्मविश्वास आडवा येतो. नदी समोरून वाढते. खाडी मागून भरते. तुम्ही उभे असलेला उंचवटा कोरडा असतो आणि परतीच्या वाटेवरचा ओहळ कमरेपर्यंत चढलेला असतो.

पायरी ३ : सामान

यादी छोटी ठेवा. दहा रुपयांचं नाणं, छोटं खुरपं, बोथट सुरी, जाळीची पिशवी किंवा टोपली, एक बादली, गोणपाटाचा तुकडा, जाड हातमोजे, मागे पट्टा असलेल्या जुन्या चपला किंवा बूट, पिण्याचं पाणी आणि टोपी.

फावडं, कुदळ, दाताळं घरीच ठेवा. त्याने एका खेपेत भरपूर निघतं, आणि शंभर पिल्लं फुटतात.

बुटांबद्दल आग्रह धरतो आहे, कारण कालवाची कड ब्लेडसारखी लागते आणि खाऱ्या कोमट पाण्यातले काही जंतू जखमेतून आत शिरतात. ज्यांना मधुमेह किंवा यकृताचा आजार आहे त्यांनी काठावर बसून माल निवडण्याचं काम घ्यावं. पायावर ताजी जखम असेल त्यानेही.

पायरी ४ : पाण्यात उतरल्यावर

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी उतरा आणि पाण्याच्या मागे मागे जा. पाणी फिरलं की काम थांबवा, टोपली भरलेली असो वा नसो. फिरल्यावर पहिल्या तासात पाणी हळू चढतं आणि आपल्याला वाटतं, अजून वेळ आहे. तिसऱ्या-चौथ्या तासात ते सगळ्यात वेगाने येतं.

*वाळूतल्या तिसऱ्या आणि मुळे.* ओल्या वाळूवर बारीक छिद्रं दिसतात, कधी जोडीने. पाय ठेवला की पिचकारी उडते. तिथे बोटांनी उकरा, चार-पाच बोटं खोल पुरे. हाताला गुळगुळीत कडक लागलं की काढा आणि नाण्याशी लावा. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. नाण्याखाली झाकली जाते ती शिंपली लहान, तिला अजून एकदा तरी वीण घालायची आहे. अष्टमुडीतही ३० मिलिमीटरच्या आसाची (छिद्राची) जाळी वापरतात ती याच कारणाने. लहान शिंपली जिथून काढली तिथेच ओल्या वाळूवर आडवी ठेवा. ती पाय बाहेर काढून स्वतः रुतते, बघत बसण्यासारखं असतं आणि पोट्ट्यांना कामाला लावण्यासारखंही. काठावरच्या कोरड्या वाळूत फेकलीत तर ती गेली. खड्डा बुजवून मगच पुढे सरका, आणि एका जागी सगळं न काढता चार पावलं सोडून काढा.

*शिणाणे.* हे खडकाला धाग्यांनी धरून असतात आणि गुच्छाने वाढतात. गुच्छ ओढला की लहान-मोठे सगळे उपटले जातात, आणि उपटलेली पिल्लं लाटांमध्ये परत धरतीलच असं नाही. म्हणून मोजमाप आधी, हात नंतर. काडेपेटीच्या लांबीपेक्षा मोठा दिसेल तो एकच दाणा धरायचा आणि त्याचे धागे सुरीने कापायचे. गुच्छाचा बुंधा तसाच राहू द्या.

*कालवं.* इथे चुकीला माफी नाही. कालव खडकाला सिमेंट लावल्यासारखं चिकटलेलं असतं, एकदा सुटलं की पुन्हा कधीच चिकटत नाही. बोटभर कालव उखडून 'लहान आहे' म्हणून परत टाकणं म्हणजे मारून टाकणंच. दुसरी गोष्ट, कालवाची पिल्लं जुन्या कालवांच्या कवचावर बसतात. मावशी छोट्या कोयतीने वरचं झाकण उडवून मांस डब्यात घेतात, खालची वाटी खडकावरच राहते. पुढच्या पिढीला बसायला जागा मिळते. तुम्ही छिन्नी-हातोडीने अख्खं काढलंत तर ती जागाही गेली. नवख्याने कालवं स्वतः काढू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मावशींकडून वाटा विकत घ्या.

उलथलेला प्रत्येक दगड पुन्हा तसाच, ओली बाजू खाली करून ठेवा. दगडाखालचे जीव उन्हात तासाभरात मरतात.

चिंबोरी सापडलीच तर उलटी करून बघा. पोटावरची झडप रुंद आणि गोल ती मादी, अरुंद आणि टोकदार तो नर. झडपेबाहेर अंड्यांचा पुंजका दिसला तर लगेच सोडा. अमावास्येला चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेला पोकळ, असं गावोगाव सांगतात. त्यावर वाद घालायला हा लेख नाही.

किती घ्यायचं? माणशी अर्धा किलो कवचासकट, तेही त्याच दिवशी शिजणार असेल तर. मांस मूठभरच निघतं, मान्य आहे. पोट भरायला भात आहे.

पायरी ५ : काठावरची निवड

हे काम घरी नेऊन करू नका, काठावरच करा. जिवंत माल परत सोडता येतो आणि मेलेला तिथेच टाकता येतो.

भोईपुऱ्यात मासळी घेताना आपण कल्ले उघडून लाल रंग बघतो. इथे कल्ले बघायचे नाहीत, जीव बघायचा. उघडी शिंपली टिचकी मारल्यावर मिटली तर जिवंत. मिटली नाही तर फेका. फुटलेली फेका. मग मिटलेल्यांची परीक्षा: अंगठा आणि तर्जनीत धरून दोन्ही कवचं एकमेकांवर आडवी सरकवून बघा. जिवंत प्राणी आतून घट्ट धरून ठेवतो, कवच हलत नाही. सरकलं तर आत बहुधा काळा चिखल भरलेला आहे. असली एक शिंपली रश्शात उघडली की अख्खं पातेलं ओतावं लागतं. दोन शिंपल्या एकमेकींवर वाजवल्या तर आवाजही कळतो, जिवंत टणक वाजते, मेलेली पोकळ.

पायरी ६ : वाळू काढणं आणि जिवंत ठेवणं

समुद्राचं स्वच्छ पाणी बादलीत भरून न्या. माल पसरट भांड्यात एका थरात ठेवा, वर जेमतेम बुडेल इतकं पाणी, आणि सावलीत तीन-चार तास. एकदा पाणी बदला. वाळू तळाशी बसते, म्हणून शिंपल्या हाताने उचलून काढा. पाणी ओतून काढलंत तर तीच वाळू परत अंगावर येते.

समुद्राचं पाणी आणलं नसेल तर लिटरला ३० ते ३५ ग्रॅम मीठ. साधं नळाचं पाणी कधीही नाही, त्यात त्या मिटून बसतात, वाळू आतच राहते आणि थोड्या वेळात मरतात. खोल बादलीत ढीग करून ठेवल्या तरी गुदमरतात.

*सावधान:* या धुण्याने फक्त वाळू जाते. आत साठलेले जंतू, विष, धातू जात नाहीत. वाईट जागेचा माल रात्रभर पाण्यात ठेवून चांगला होत नाही.

शिजवायला वेळ असेल तर पाण्यातून काढून ओल्या गोणपाटाखाली, थंड जागी. खाली बर्फ, मध्ये कापड, वर माल, आणि वितळलेलं पाणी निथळून जाईल अशी सोय. हवाबंद डबा नको, प्लास्टिकची गाठ नको.

पायरी ७ : शिजवणं

कृती काकू सांगतील, मी फक्त नियम सांगतो. कवचं बाहेरून घासून धुवा. झाकण ठेवून वाफवा. तोंडं उघडल्यावर आणखी तीन ते पाच मिनिटं आच चालू ठेवा, उघडल्या क्षणी उतरवू नका. न उघडलेल्या टाकून द्या, सुरीने उघडून बघायच्या भानगडीत पडू नका. सुटलेलं पाणी फडक्यातून गाळून रश्शात घाला. मीठ शेवटी, चव घेऊन. कच्चं कालव लिंबू पिळून खाण्याची हौस इथे करू नका.

आणि पहिल्या खेपेला सावजी मसाला बॅगेतच राहू द्या. मसाला उत्तमच आहे, पण त्या तिखटात एखादी मेलेली शिंपली असली तरी वास लागत नाही, आणि तो वास लागणं गरजेचं असतं. एकच कवच ठेवून करतात ती एकशिपी किंवा साधं सुकं करा.

कोळंबी-खेकड्याने कधी अंगावर पित्त उठलं असेल त्याने चवसुद्धा घेऊ नये.

खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत ओठ, जीभ किंवा बोटांची टोकं बधिर झाली, मुंग्या आल्या, बोलणं जड झालं, तर 'गॅस झाला' म्हणत ओवा खात बसू नका. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना 'शिंपल्या खाल्ल्या' हे पहिल्या वाक्यात सांगा. या विषावर उतारा नाही, श्वास चालू ठेवणं हाच उपचार, आणि त्यासाठी वेळेत दवाखाना गाठावा लागतो.

पायरी ८ : नागपूरला काय न्यायचं

जिवंत माल नेऊ नका. कोकणातून नागपूर गाडीने जवळजवळ एक दिवस-रात्र, मे महिन्यात डब्याबाहेर विदर्भाचं ऊन. बर्फ भुसावळच्या आत संपतो, पुढचं सगळं नशिबावर.

अगदीच न्यायचं असेल तर मांस शिजवून, कवचातून काढून, मुक्कामीच फ्रीझरमध्ये दगडासारखं गोठवा आणि थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या मधोमध ठेवा. घरी पोचल्यावर ते अजून कडक असेल तरच त्या दिवशी खा. मऊ पडलं असेल तर टाका, फ्रीजमध्ये ढकलू नका. शेजाऱ्यांना द्यायचं असेल तर बाजारातून सुकवलेले सोडे, जवळा घ्या, ते टिकतात.

जेवणानंतरची कवचं पोत्यात भरून रस्त्याकडेला टाकू नका. धुवून, त्याच खाडीच्या भरती-रेषेखाली पसरा. आणि किनाऱ्यावरचे रिकामे शंख पोट्ट्यांनी गोळा केले असतील तर बॅग भरण्याआधी पसरट ताटात अर्धा तास ठेवून बघा. ज्या शंखांना पाय फुटतील ते जागेवर परत.